पडवीतला अभ्यास

तात्या, तुमच्याकडचा योगाभ्यास मला फुकट मिळाला असं अख्खं ठाणं समजतं, आणि आजवर मीही चारचौघांत तसंच सांगत आलो. आता नीट मांडून बघतो. दर पावसाळ्याआधी तुमच्या परसात जळाऊ लाकडांची एक गाडी. पडवीचे दोन खांब, चांगल्या जुन्या सागाचे. तुमच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा मांडव. त्याचे वासे मीच रोवले, मीच उतरवले, आणि जेवलो मागच्या अंगणात. माजघर आणि पडवी यांच्यामधल्या कुडाच्या भिंतीला वाळवी लागली तेव्हा तिथे फळ्यांची भिंत, तीही फळीला फळी अशी बसवून की मधून सूतभर उजेड येऊ नये. आणि एक शब्द, उजव्या हातावर पाणी घेऊन दिलेला. लाकडांचं मला काही वाटत नाही, लाकडं पुन्हा येतात. शब्द महाग पडला. किती महाग, ते गेल्या महिन्यात टिटवाळ्याला कळलं. वर नमस्कार लिहिलेला नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो चुकून राहिलेला नाही.

आपली पहिली गाठ ठाण्याच्या बंदरावर पडली. तुम्ही नुकतेच कचेरीतून पेन्शन घेतलेले, डोक्याला पागोटं, हातात छत्री, घराच्या तुळईसाठी ओंडका बघायला आलेले. मी तिथे हमाल. बाप मिठागरात राबला आणि मिठागरातच मेला, मला मात्र लाकडाचा कान होता. कुऱ्हाडीच्या पाठीने ओंडक्यावर ठोकायचं आणि ऐकायचं, एवढंच माझं भांडवल. मालक तुमच्या गळ्यात एक जाडजूड ओंडका मारत होता. मी ठोकून पाहिलं आणि मालकासमोरच म्हणालो, हा घेऊ नका, आतून पोकळ आहे. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवसाची मजुरी गेली हे मला तिथेच कळलं. तुम्ही मात्र छत्री मिटून विचारलंत, कशावरून? मी सांगितलं, भरीव लाकूड लगेच बोलतं, पोकळ लाकूड जरा थांबून बोलतं. तुम्हाला ते आवडलं. तुम्ही आणखी काही विचारणार तेवढ्यात मला उबळ आली आणि मी ओंडक्याला धरून वाकलो. खोकला थांबेपर्यंत तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "लाकडाचं एवढं ऐकतोस, स्वतःच्या छातीचं कधी ऐकलंस का रे?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. हमालाला धाप लागते यात विचारण्यासारखं असतं काय? दुसऱ्या दिवशी पहाटे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रिकाम्या पोटी, मी तुमच्या दारात उभा राहिलो. तळ्यावरून गार वारा येत होता. तुम्ही पडवीत एक गोणपाट टाकून ठेवलं होतं आणि मला तिथे बसवलंत. आत माजघरात आधीच चार-पाच जण बसलेले असत, कचेरीतले कारकून, एक वकिलाचा भाचा, एक शाळामास्तर. त्यांचा अभ्यास आत, माझा बाहेर. यात मला काही वेगळं वाटलं नाही, तात्या. आमच्यातला माणूस तुमच्या पडवीपर्यंत येतो हेच तेव्हा फार होतं, आणि तुमच्या घरातल्या बायकांना तेवढंही रुचत नव्हतं हे त्यांच्या भांडी आपटण्यावरून मला रोज ऐकू येत होतं.

तर तुम्ही आत बोलायचात आणि मी बाहेर करायचो. आत घ्या. धरा. सोडा. सावकाश. डावी नाकपुडी. आता उजवी. तुमचा आवाज कुडातून पाझरत यायचा, आणि मी डोळे मिटून त्याच्या मागे मागे जायचो. काही महिन्यांत मला आतल्या प्रत्येकाचा श्वास ओळखू यायला लागला. वकिलाचा भाचा सोडताना शीळ घालायचा. एक कारकून ध्यानाच्या नावाखाली झोपायचा, त्याचं घोरणं सुरू व्हायच्या जरा आधी मला कळायचं. मास्तर घाईघाईने सोडायचा, आणि तुम्ही त्याला दटावायच्या आत मी बाहेर मनात म्हणायचो, मास्तर, घाई. कधी कधी तुम्ही बाहेर यायचात, खांबाला टेकून जरा वेळ माझ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, ठीक आहे, चालू दे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. पावसाळा संपता संपता माझी धाप गेली. डोक्यावर वासा घेऊन मी बंदराचा चढ न थांबता चढलो आणि वर जाऊन एकटाच हसलो. तो उपकार खोटा नव्हता. आज रागात आहे म्हणून तो नाकारणार नाही. पण राग त्यामुळेच जास्त आहे.

मग ती पाण्याची सकाळ. बंदरावर दुपारच्या सुट्टीत मी हमालांना पोट आत ओढून दाखवत होतो, नाकपुडी कशी धरायची ते सांगत होतो. थोडी चेष्टा, थोडी ऐट. ते कुणीतरी तुमच्या कानावर घातलं. दुसऱ्या पहाटे तुम्ही आत बसलाच नाहीत, सरळ पडवीत आलात. असे रागावलेले तुम्ही मला पुन्हा कधी दिसला नाहीत. आवाज चढवला नाहीत, उलट खाली आणलात. अर्धं शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवलं तर शिकणाऱ्याचा जीव जातो, म्हणालात. मी मान खाली घातली. तुम्ही माझा उजवा हात पुढे करायला लावलात, वरून लोटीने पाणी घातलंत आणि म्हणालात, "म्हण, हे माझ्यापुरतं. बायकोला नाही, पोरांना नाही, कुणालाच नाही." मी म्हणालो. खरं सांगू का, मला अपमान वाटला नाही, अभिमान वाटला. ज्याच्याजवळ मोलाचं काही आहे त्यालाच शपथ घालतात, असा माझा समज. आतल्या सगळ्यांना ही शपथ घातलेली असणार आणि आज आपलीही पाळी आली, असं धरून मी नाचत बंदरावर गेलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी हमालाचा मुकादम झालो, मुकादमाचा दलाल झालो, आणि कल्याणच्या खाडीकाठी स्वतःची वखार टाकली. त्यानंतरही पहाटेच्या गाडीने ठाण्याला येऊन पडवीत बसायचं मी सोडलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तिरडीचे बांबूही माझ्या वखारीतले होते. मग अभ्यास घरीच चालू ठेवला. वखारीमागून रेल्वेचा रस्ता जातो. घाटावरून कापूस घेऊन मालगाडी येते, तिचं इंजिन दिसलं की मी श्वास धरायचा आणि शेवटचा डबा गेल्यावर सोडायचा, हा माझा खेळ होऊन बसला. गिऱ्हाइकं बघायला थांबायची. काही जण पैजा लावायचे. मी मिशीवर हात फिरवून सांगायचो, तात्यांचा चेला आहे, अख्खी गाडी पोटात घेतो. कल्याणातच काय, पार कसाऱ्यापर्यंत माझ्याइतका दम कुणाला नाही, हेसुद्धा मी म्हणालेलो आहे, आणि एकदा नव्हे.

माझ्या वखारीत एक जुना करवतवाला आहे. आम्ही दोघं बंदरावर एकत्र वासे वाहिलेले. लोकांसमोर तो मला शेट म्हणतो, एकटे असलो की अरे. ओंडका उंच घोडीवर चढवतात, एक जण वर उभा राहून करवत ओढतो, एक जण खाली. हा आयुष्यभर खाली राहिला. खालच्याच्या तोंडावर भुसा पडतो, तो नाकात जातो, छातीत जातो. त्याची छाती आता कशी वाजते ते मला वखारीच्या दुसऱ्या टोकावरून ऐकू येतं. माझी वाजायची तशीच. फार वर्षांपूर्वी तो माझ्याजवळ बसून म्हणाला होता, "अरे, तुझं गेलं ते कसं गेलं ते मला पन शिकव ना." मी त्याला म्हणालो, हातावर पाणी घेतलंय रे, नाही शिकवता येत. पाण्याचं नाव काढल्यावर आमच्यातला माणूस पुढे बोलत नाही. त्यानेही पुन्हा कधी विचारलं नाही. आता तो करवत ओढत नाही, सावलीत बसून करवतींना कानस मारतो, आणि अधूनमधून कानस थांबते तेव्हा तो श्वास गोळा करत असतो.

गेल्या महिन्यात तुमचा तो मास्तर वखारीत आला. केस पांढरे झालेत, पण श्वास तोच, घाईचा. पाठमोरा असतानाच मी ओळखला. पूर्वी मला ए पडवी म्हणून हाक मारायचा, आता शेटजी म्हणाला. टिटवाळ्याला देवळापासून जरा लांब त्याने जागा घेतली आहे. या आषाढीपासून कार्तिकीपर्यंत तिथे दहा-बारा जणांना बसवणार, आसनं, प्राणायाम, शुद्धीच्या क्रिया सगळं पुरं करून घेणार, आणि शेवटी नारळ देऊन आपापल्या गावी शिकवायला मोकळं करणार. शिकवणारे तयार करायचे आहेत, शेटजी, म्हणाला, तुम्हीही या. तुमच्यासारखा कसलेला माणूस चार महिने बसला की झालंच. हे सांगून झाल्यावर जरा थांबला आणि मंडपासाठी वासे हवेत म्हणाला. ते थांबणं मी बरोबर ऐकलं. माझ्या छातीपेक्षा माझ्या वाशांत त्याचा जीव अडकलेला होता, पण त्याचा मला राग आला नाही, धंद्यात असं चालतंच. मी म्हणालो, मास्तर, वासे देतो, पण मला शिकवणारा कसा करणार? तात्यांनी आपल्याला शपथ घातलेली आहे.

"शपथ? कसली शपथ?" मास्तर म्हणाला.

मी सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि त्याचा घाईचा श्वास एकदम हळू झाला. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो म्हणाला, आम्हाला तर तात्यांनी उलटं बजावलं होतं. दर गुरुपौर्णिमेला एकेकाच्या हातात नारळ देऊन म्हणायचे, आता चार जणांना शिकव, नाहीतर माझी मेहनत वाया जाईल. गुरुपौर्णिमेला मी कुठे असायचो, तात्या? तुम्ही मला त्या दिवशी सुट्टी द्यायचात. आज घरात पाहुणे, तू येऊ नकोस. मी फुलांची परडी आदल्या दिवशीच पोचवायचो.

तरीही मी तुमचीच बाजू धरली. मनात म्हटलं, मास्तर वासे मिळवायला काहीही बोलेल. म्हणून त्याच्याबरोबर टिटवाळ्याला गेलो, जागा बघायच्या निमित्ताने. तिथे त्याचे दोन तरुण चेले होते. मास्तर त्यांना म्हणाला, हे तात्यांचे जुने शिष्य, यांचा कुंभक बघा. मी ऐटीत बसलो, श्वास भरला आणि धरला. चेले तोंड उघडून बघत राहिले. मास्तर मात्र उठला, कापसाचं एक बारीक सूत काढलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. सूत हलत होतं. मी श्वास धरून बसलोय आणि सूत हलतंय. मास्तरने चेल्यांना बाहेर पाठवलं, एवढं मात्र त्याने माझं राखलं. मग म्हणाला, शेटजी, तुम्ही हनुवटी टेकवत नाही?

मी विचारलं, कुठे टेकवायची?

त्याने स्वतःची मान वाकवून हनुवटी गळ्याखालच्या खळग्यात घट्ट बसवून दाखवली. श्वास धरायचा तो असा कुलूप लावून, म्हणाला. नाहीतर माणूस नकळत नाकाने चोरून घेत राहतो. तात्या आम्हाला हे तोंडाने कधी सांगायचे नाहीत, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मान खाली दाबायचे. आणि नाकाखाली सूत धरायचे.

तात्या, हाताला आवाज नसतो. भिंतीतून तुमचं सगळं आलं, फक्त हात आला नाही. त्यात तुमचा दोष नाही असंही मी म्हणालो असतो. पण तुम्ही बाहेर यायचात. खांबाला टेकून बघायचात. मी ताठ मान करून, हनुवटी आकाशाला लावून, ऐटीत बसलेला तुम्हाला दिसायचो. एक बोट पुरे होतं. बोट लावायचं नव्हतं तर काठी होती, छत्री होती. काहीच नको, नुसतं मान खाली म्हणाला असतात तरी माझं काम झालं असतं. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, चालू दे.

मास्तरला मी विचारलं, माझ्याबद्दल आत कधी बोलणं व्हायचं का? तो टाळायला लागला. मी म्हणालो, मास्तर, वासे हवेत ना? तेव्हा त्याने सांगितलं. एकदा वकिलाच्या भाच्याने तुम्हाला विचारलं होतं, बाहेरच्याची मान दाबायला कोण जातं? तुम्ही म्हणाला होतात, "त्याची धाप गेली ना? तेवढं त्याला पुरे."

परतीच्या वाटेवर मी हेच एक वाक्य ठोकून ठोकून ऐकत होतो. पोकळ आहे की भरीव, ठरेना. माझी धाप खरंच गेली होती. तुमचं घर, तुमच्या बायकामाणसांचा सोवळ्याचा धाक, गावातली तोंडं, हे सगळं सांभाळून तुम्ही एका हमालाला पडवीत घेतलंत, याहून पुढे जायची तुमच्यात हिंमत नसेल. तेही मी समजून घेतलं असतं. मी आयुष्यभर अडलेल्या गिऱ्हाइकांना समजून घेत आलो आहे. पण अर्धं शिकलेल्याने शिकवू नये म्हणून तुम्ही माझ्या हातावर पाणी घातलंत, आणि मला अर्धं ठेवलं कुणी? तुम्हीच. पुरं शिकवणं तुमच्या हातात होतं, ते केलं नाहीत. तोंड बंद करणं सोपं होतं, ते केलंत. आणि मी मूर्ख, ती शपथ पदकासारखी छातीवर मिरवत, छाती वाजणाऱ्या मित्रासमोर गप्प बसलो.

घरी आल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. बायकोने आधी पोट बिघडलंय का विचारलं, मग मास्तरने पैसे बुडवले का विचारलं, मग मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "इतकी वर्षं या घरात देवानंतर तात्या होते, आणि आता दोन दिवस त्यांचं नाव निघालं की तुम्ही ओठ चावताय. जायचं असेल तर जा. पण रागाने जाऊ नका. रागाने गेलात तर पहिल्याच आठवड्यात मास्तरशी भांडून परत याल, आणि मग चार महिने तुमचं तोंड मला बघावं लागेल." मी म्हणालो, या वयात पोरांच्या रांगेत बसू? वखार कोण बघेल? लोक काय म्हणतील, अख्खी गाडी पोटात घेणारा आता मान वाकवायला शिकतोय? ती म्हणाली, लोकांना सांगा गुडघ्यांसाठी जातोय, तुमच्या गुडघ्यांवर कुणाचाही विश्वास बसेल. तिचं हे असं असतं.

मी मास्तरला निरोप पाठवला: चार महिने बसतो, वासे देतो, छप्पर माझ्याकडून. आडभिंतीला मात्र एक फळी मिळणार नाही, आणि कुणाला बाहेर बसवलेलं दिसलं तर छप्परही उतरवून नेईन. मास्तरने कबूल केलं. तोंडी कबूल केलं, म्हणजे किती ते मी तिथे बसल्यावर ऐकेनच. आता मी कुणाच्याही नुसत्या आवाजावर जाणार नाही, त्याच्या हातांकडे बघत राहीन.

काल करवतवाल्याजवळ जाऊन बसलो. कानस चालली होती. म्हणालो, मी आषाढीला टिटवाळ्याला जातोय, नीट शिकून येतो, कार्तिकात तुला शिकवीन. त्याने कानस थांबवली. वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल, आणि बोलायला हवंच होतं त्याने. तो एवढंच म्हणाला, "मग त्या पान्याचं काय?" मी म्हणालो, ते पाणी वाळलं. तो हसला, हसताना खोकला आला, खोकला संपल्यावर म्हणाला, कार्तिक लांब आहे रे, लवकर शिक.

तर तात्या, तुमचा शब्द मी मोडतो आहे. परवानगी मागत नाही, कळवतो आहे. मोडीत लिहिलंय, कारण माझं बाळबोध अक्षर बघून तुम्हाला हसू यायचं आणि आज तुम्ही हसलेलं मला चाललं नसतं. टपालात टाकायला तुमचा पत्ता उरलेला नाही. ते घर तुमच्या मुलाने विकलं, घेणाऱ्याने माझी फळ्यांची भिंत काढून तिथे चूल मांडली म्हणतात. हा कागद वखारीत, मापाच्या पट्ट्यांखाली राहील.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आज सकाळी वखारीमागे कुणी नाही असं बघून बसलो, मास्तरने दाखवली तशी हनुवटी गळ्याशी घट्ट बसवली, आणि घाटावरून येणाऱ्या मालगाडीचं इंजिन दिसताच श्वास धरला. इंजिनामागचा तिसरा डबा यायच्या आत तो सुटला.